समुद्रात तपासले

धक्क्यावर सगळे त्यांना डॉक्टर म्हणत. माणसांच्या दुखण्यांशी त्यांचा संबंध नव्हता, ते रडारचे डॉक्टर होते. बोटीवरचं रडार, वायरलेस, पाण्याची खोली सांगणारं यंत्र, यातलं काहीही रुसलं की मालक आधी कपाळाला हात लावत आणि मग डॉक्टरांच्या दुकानाची वाट धरत. अठ्ठावन्न वर्षांचं वय, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, खिशात मीटर आणि तोंडात एक ठरलेलं वाक्य : "यंत्र कधी खोटं बोलत नाही, माणसं बोलतात." हे वाक्य त्यांनी इतक्या जणांना ऐकवलं होतं की धक्क्यावरच्या मांजरांनाही ते पाठ झालं असावं.

तर अशा या डॉक्टरांना बोट लागायची.

हसू येईल, येऊ दे. बांधलेल्या बोटीवर ते दिवसभर तळात डोकं खुपसून काम करत, पोटातलं पाणी हलत नसे. पण दोर सुटला आणि धक्का हातभर लांब गेला की कपाळाला घाम फुटायचा, तोंडाला पाणी सुटायचं आणि दहा मिनिटांत सकाळचं खाल्लेलं सगळं बाहेर. तरुणपणी दोनदा असं झालं. तेव्हापासून ते समुद्रात गेलेच नाहीत. ज्याचं पोट समुद्रावर चालतं तो माणूस तीस वर्षं समुद्रात गेला नाही आणि हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण झाकली मूठ सव्वा लाखाची ही म्हण डॉक्टरांनी जरा जास्तच मनावर घेतली होती.

अडचण एकच होती. दुरुस्ती झाली की मालकाला तपासणीचा कागद द्यावा लागे. त्या कागदावरची शेवटची ओळ होती, 'समुद्रात तपासले', आणि तिच्यापुढे सहीची जागा. रडार धक्क्याला बांधलेल्या बोटीवर चाललं म्हणजे बाहेर चालेलच असं नसतं. बाहेर लाटा असतात, शिडात वारा भरला की बोट एका अंगावर कलते, सगळं हादरतं. म्हणून ती ओळ. आधी मालक आपणच बाहेर जाऊन बघत, मग अकरा वर्षं ते समुद्रातलं काम त्यांचा मेहुणा करायचा. बायकोचा धाकटा भाऊ, हाताने नेटका, तोंडाने कमी. तो बोट घेऊन बाहेर जायचा, तपासायचा, परत यायचा आणि सही करायचा. डॉक्टर धक्क्यावर उभं राहून हातवारे करत. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते यालाच.

दोन वर्षांपूर्वी मेहुणा काम सोडून गेला. त्यानंतर ती सही डॉक्टर स्वतः करू लागले. समुद्रात न जाता.

त्या सकाळी दुकानात बाई आल्या, तेव्हा डॉक्टर एका जुन्या वायरलेसचं पोट उघडून बसले होते. बाई म्हणजे गणिताच्या निवृत्त शिक्षिका. त्यांच्याकडे एक शिडाची बोट होती. बाई आणि त्यांचे यजमान, दोघंच ती चालवत. यजमानांनी आयुष्यभर एका कचेरीत कारकुनी केली, निवृत्त झाल्यावर डोक्यावर टोपी चढवली, म्हणून धक्क्यावर त्यांना कप्तान म्हणायचे. खरी कप्तान कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"डॉक्टर, रडार पुन्हा जातंय," बाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून वही काढली. "बोट सरळ असली की उत्तम चालतं. उजवीकडे कलली तरी चालतं. डावीकडे कलली की पडद्यावर पाटी येते, स्कॅनर सापडत नाही. मी मोजलंय. नऊ वेळा डावीकडे कलली, त्यातल्या सात वेळा गेलं."

डॉक्टरांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला. हे शब्द त्यांनी आधी ऐकले होते, आणि याच बोटीबद्दल ऐकले होते.

दोन वर्षांपूर्वी मेहुण्याने नेमकं हेच सांगितलं होतं. रडारचं डबडं, म्हणजे स्कॅनर, डोलकाठीवर उंच बसवलेलं असतं. त्याची केबल पोकळ काठीच्या आतून खाली येते आणि काठीच्या बुडाशी एका डबीत तिला जोड असतो. तो जोड मेहुण्याने केला होता. रडार बाहेर बंद पडतं अशी तक्रार आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, जोड कच्चा आहे. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, जोड चांगला आहे. डावीकडे कलली की जातंय, खराबी वर कुठेतरी आहे. एकदा माझ्याबरोबर बाहेर चला, दाखवतो."

बाहेर चला. सकाळचे दहा वाजलेले, चहाची वेळ. रंगारी, शीड शिवणारा, क्रेनवाला, सगळे कप हातात घेऊन उभे. त्यांच्यासमोर "बाहेर चला" म्हटल्यावर डॉक्टरांना एकच दिसलं : बादलीत तोंड घातलेले आपण आणि भोवती हसणारी ही मंडळी. भीती वाटली की माणूस ओरडतो. डॉक्टर ओरडले.

"जोड कच्चा करायचा आणि खापर समुद्रावर फोडायचं! नाचता येईना अंगण वाकडं! बायकोचा भाऊ म्हणून अकरा वर्षं सांभाळलं या कामचुकाराला!"

मेहुण्याने हातातली पक्कड फळीवर ठेवली, नळावर हात धुतले आणि गेला. डॉक्टरांनी तो जोड कापून फेकून दिला, आपल्या हाताने नवा केला, धक्क्यावर रडार लावून पाहिलं, झकास चाललं, आणि कागदावर सही ठोकली. घरी बायकोने एवढंच विचारलं, "तो जेवून गेला का?" त्यानंतर त्या घरात तिच्या भावाचा विषय निघाला नाही.

"डॉक्टर?" बाई म्हणाल्या. "ऐकताय ना?"

"ऐकतोय, ऐकतोय. चला, बघू."

बोटीवर चढले, रडार लावलं. पडद्यावर धक्का, बंधारा, पलीकडच्या बोटी, सगळं स्वच्छ उमटलं. डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. म्हणाले, "चालतंय की!"

"इथे चालतंच हो," बाई म्हणाल्या. "म्हणून तर म्हणते, बाहेर जाऊ. आज वाराही आहे. तुम्ही मागच्या वेळी समुद्रात तपासलं होतंच, तुम्हाला काय नवीन?"

आता काय बोलणार? बायकोला बरं नाही म्हणावं, तर ती तासाभरापूर्वीच डबा देऊन बाईंना हात करून गेली होती. गुडघा दुखतो म्हणावं, तर आत्ताच टुणकन उडी मारून बोटीवर चढले होते. डॉक्टर म्हणाले, "हो, हो, चला." कप्तानांनी दोर सोडला.

बंधाऱ्याच्या आत असेपर्यंत डॉक्टरांनी डोळे पाण्यावरच्या एका बोयावर खिळवून कसंबसं निभावलं. बाहेर पडताच पहिली लाट आली. दुसऱ्या लाटेला त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. तिसरीला बाईंनी न विचारता बादली आणून पुढे ठेवली.

पुढची वीस मिनिटं लिहिण्यासारखी नाहीत. एवढंच सांगतो की रडारचे डॉक्टर गुडघ्यांवर बसले होते आणि कप्तानांनी मागून त्यांचा शर्ट मुठीत धरून ठेवला होता. मध्येच कप्तान वाकून हळूच म्हणाले, "आज लाटा जरा विचित्रच आहेत. मलाही मळमळतंय." त्यांना काडीचंही मळमळत नव्हतं. समोरच्याची लाज राखण्यासाठी तो भला माणूस चक्क खोटं बोलत होता, आणि डॉक्टरांना ते कळत होतं. खरं तर त्या उलट्यांपेक्षा हा चांगुलपणाच त्यांना जास्त लागला. आपण कधी कुणाची लाज अशी राखली का, हा प्रश्न डोक्यात आला आणि त्यांनी पुन्हा बादली जवळ ओढली.

पोटात काही उरलं नाही तेव्हा डोकं थोडं चालायला लागलं. ते सरपटत काठीच्या बुडाशी गेले, डबी उघडली, जोडाच्या तारांना मीटर लावला. वर सुकाणूवर बाई होत्या, पडद्यासमोर कप्तान.

"डावीकडे घेते!" बाई ओरडल्या. बोट कलली. कप्तानांचा आवाज आला, "गेलं!"

डॉक्टरांनी मीटर पाहिला. काटा जागचा हलला नव्हता. जोडाच्या खालून वीज येत होती, जोडाच्या वरही जात होती. म्हणजे जोड ठणठणीत. हा जोड त्यांचा होता, पण मुद्दा तो नव्हता. मुद्दा असा की आधीचा जोडही ठणठणीतच असणार, कारण दुखणं तेच होतं आणि ते इथे नव्हतंच. त्यांनी दोन वर्षांपूर्वी निरोगी पाय कापला होता आणि लंगडण्याचा दोष पायाच्या मालकाला दिला होता.

बोट सरळ झाली. "आलं!" कप्तान म्हणाले. डॉक्टरांनी काठीतून खाली आलेली केबल चिमटीत धरली आणि हलकासा ओढा दिला.

"गेलं!"

सोडली. "आलं!"

पुन्हा ओढली. "गेलं! अहो, काय करताय काय खाली?"

केबल ओढली की जातं. बोट सरळ असतानाही जातं. म्हणजे वर डबड्यात प्लग सैल झालाय आणि केबलचा भार त्याच्यावर येतोय. हे धक्क्यावर उभ्या बोटीत, दोन बोटांनी, चहा थंड व्हायच्या आत शोधता आलं असतं. त्यासाठी समुद्रात यायचीही गरज नव्हती. "खराबी वर आहे" असं सांगणाऱ्या माणसाचं फक्त ऐकायला हवं होतं.

"कप्तान, रडार एकदा बंद करून चालू करा," डॉक्टर म्हणाले.

कप्तान हात पाठीमागे बांधून उभे होते. ते म्हणाले, "हिला सांगा. मी बटणं नाही दाबत."

"का?"

बाईच म्हणाल्या, "गेल्या आठवड्यात पहाटे धुक्यात सापडलो होतो, दोन वर्षांत पहिल्यांदाच रडारची गरज पडली. वारा होता, बोट डावीकडे कललेली, हे पडद्यापाशी. अचानक म्हणाले, काही दिसत नाही. आणि मग भोंगा ऐकला. डॉक्टर, जहाजाची भिंत इतकी जवळून गेली की तिच्यावरचा गंज मोजता आला असता. बंदरात आल्यावर मी यांना वाट्टेल ते बोलले. म्हटलं, तुम्हीच काहीतरी दाबलंत. रडार बिघडणं शक्य नाही, डॉक्टरांनी समुद्रात तपासलंय, माझ्याकडे कागद आहे. तेव्हापासून हे बटणाला हात लावत नाहीत. मग मी एकटीने दोन दिवस बोट कलवून मोजलं, तेव्हा कुठे शंका आली."

डॉक्टर डबीचं झाकण लावत बसले. झाकणाला चार स्क्रू होते. ते चारही त्यांनी गरजेपेक्षा जास्त वेळ पिळले.

परत आल्यावर धक्क्याला बोट बांधली आणि डॉक्टर कापडी बैठकीत बसून डोलकाठीवर चढले. बाई खालून दोर ओढत होत्या. डबड्याचं झाकण काढलं. आत प्लग अर्धा बाहेर आलेला, त्याची पकड झिजून गुळगुळीत झालेली. आठ मीटर केबलचं सगळं वजन त्या अंगठ्याएवढ्या प्लगला लटकत होतं. उजवीकडे कललं की केबल काठीच्या आतल्या खाचेत टेकायची, डावीकडे कललं की मोकळी होऊन हिसके द्यायची.

अशा केबलला वर दोरीचा फास घालून ती काठीला बांधायची असते. भार दोरीवर, प्लगवर नाही. या धंद्यातलं हे पहिलं वाक्य. मेहुणा कामाला आला तेव्हा डॉक्टरांनी त्याला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, आणि तो एकदा विसरला तेव्हा त्याला भर दुपारी काठीवरून उतरवून पुन्हा चढवलं होतं.

इथे दोरी नव्हतीच. तुटली नव्हती, बांधलीच नव्हती. आणि हे डबडं बसवलं कुणी? सहा वर्षांपूर्वी काठी उतरवून शेडमध्ये लाकडी घोड्यांवर आडवी ठेवली होती. मेहुणा दुसऱ्या बोटीवर होता, तो नंतर बुडाचा जोड करायला तेवढा आला. डॉक्टरांनी स्वतः, शीळ घालत, हे रडार बसवलं होतं. आडव्या काठीतली केबल लोळत पडलेली असते, तिला वजनच जाणवत नाही. काठी उभी झाल्यावर ते वजन कुणावर येईल, हा विचार तेव्हा मनात आला नाही. जो माणूस काठीवर चढून काम करतो तो ही चूक करू शकत नाही. जमिनीवर उभं राहून ऐटीत काम करणाराच ती करतो.

त्यांनी प्लग बदलला, दोरी बांधली, दोनदा ओढून पाहिली आणि खाली आले. वर असताना वाऱ्याने चांगलं वाटत होतं. पाय खाली टेकले, तर बाई समोर होत्या.

"सापडलं?"

"सापडलं. चूक माझी आहे. बसवतानाच एक दोरी बांधायची राहिली होती."

इतकं बोलून ते हत्यारं आवरू लागले. एवढ्यावर निभावलं असतं. चूक कुणाकडूनही होते, आणि कबूल करणाऱ्याचं लोक कौतुकच करतात. पण बाई गणिताच्या होत्या. त्यांना गणितातली मधली पायरी गाळलेली चालत नसे.

"पण मग मागच्या वेळी तुम्ही समुद्रात तपासलंत, तेव्हा कसं नाही गेलं?"

तेव्हा वारा नव्हता. बोट कललीच नाही. उजवीकडेच कलली. तीन उत्तरं डॉक्टरांच्या जिभेवर हात जोडून उभी राहिली, तिन्ही छान होती. त्यांनी मान वर केली तर बाईंच्या मागे कप्तान उभे, अजूनही हात पाठीमागे बांधलेले.

"तपासलं नव्हतं," डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे?"

"समुद्रात गेलोच नव्हतो. मला बोट लागते, आज पाहिलंतच. धक्क्यावर लावून बघितलं आणि सही केली."

बाईंनी मागे वळून यजमानांकडे पाहिलं. "म्हणजे तुम्ही काही दाबलं नव्हतं."

"नसावं," कप्तान म्हणाले.

"मग आठवडाभर बोलला का नाहीत?"

"तुझ्या हातात सहीचा कागद होता," कप्तान साधेपणाने म्हणाले. "मलाही वाटलं, माझ्याच हातून काहीतरी झालं असेल. वय झालंय."

डॉक्टरांना त्या क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिव्या मिळाल्या असत्या तर त्यांनी आनंदाने खाल्ल्या असत्या. बाईंनी शिव्या दिल्या नाहीत. त्यांनी यजमानांचा हात मागून सोडवून आपल्या हातात घेतला, आणि मग डॉक्टरांना विचारलं, "आणि बाकीच्या बोटी?"

"कुठल्या?"

"दोन वर्षांत अशा किती सह्या केल्यात?"

डॉक्टर उभे होते तिथेच मोजू लागले. एकवीसपर्यंत आले.

दुपारी ते दुकान बंद करून मेहुण्याकडे निघाले. मेहुणा आता लिफ्ट दुरुस्त करायचा. तो आज कुठे कामावर आहे हे बायकोला विचारायची हिंमत झाली नाही, तिथला पत्ता शीड शिवणाऱ्याकडून घेतला. तोही पत्ता देताना नको इतका वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. सहा मजली इमारत होती आणि लिफ्ट अर्थातच बंद होती, ती दुरुस्त करायलाच तर मेहुणा आला होता. डॉक्टर जिने चढले. प्रत्येक मजल्यावर थांबून त्यांनी मनातलं वाक्य जुळवलं, आणि पुढच्या मजल्यापर्यंत ते पुन्हा विस्कटलं.

सहाव्या मजल्यावर मेहुणा लिफ्टच्या उघड्या दाराशी बसून काम करत होता. केस थोडे पिकले होते. त्याने मान वर केली आणि पटकन उठून उभा राहिला.

"भाऊजी? ताई बरी आहे ना?"

"बरी आहे. तिचं काही नाही." डॉक्टरांना दम लागला होता. "जोड तुझा चांगला होता."

मेहुणा म्हणाला, "ते मला माहीतच होतं."

"वर प्लग सुटत होता. मीच बसवलेला. दोरी बांधली नव्हती."

"तुम्ही? दोरी?"

"काठी घोड्यांवर आडवी होती रे."

"हां," मेहुणा म्हणाला. कारागिराला यापुढे सांगावं लागत नाही. "आडव्या केबलला कुठलं वजन. पण तुम्हाला सापडलं कसं? तो तर बोट कलल्याशिवाय..." बोलता बोलता तो थांबला. त्याचा चेहरा एकदम बदलला. "भाऊजी, तुम्ही बाहेर गेला होतात? बरोबर कोण होतं? बादली होती का?"

डॉक्टरांनी जिन्याचा कठडा धरला. "तुला कसं माहीत?"

"काय?"

"बादलीचं."

मेहुण्याने हातातला पाना फडक्याने पुसायला घेतला. तो आधीच स्वच्छ होता. "ताईने सांगितलं होतं. तुमच्याकडे कामाला लागलो त्याच्या आदल्या दिवशी. म्हणाली, त्यांना बोट लागते, मला माहीत नाही असं त्यांना वाटतं. बाहेरची कामं सगळी तू घे, त्यांच्यावर वेळ येऊ देऊ नकोस. तेव्हा मला या लिफ्टवाल्यांकडेच नोकरी लागत होती. पण ताईने शब्द टाकला."

डॉक्टर पायरीवर बसले. अकरा वर्षं. ज्या माणसाला आपण सांभाळलं असं ते चारचौघांत ओरडून बोलले होते, त्याने अकरा वर्षं त्यांना सांभाळलं होतं. आणि घरातली ती बाई रोज डबा भरून देत होती, सगळं माहीत असून. त्यांना कुठे बघावं ते कळेना, म्हणून ते लिफ्टच्या रिकाम्या खड्ड्याकडे बघत राहिले.

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?" ते म्हणाले. "मी तुला कामचुकार म्हणालो. एक वाक्य पुरलं असतं. सगळे उभे होते."

"काय बोलायचं? डॉक्टरांना बोट लागते म्हणून? दुसऱ्या दिवसापासून दुकानात कोण आलं असतं? ताई त्याच घरात राहते ना." मेहुण्याने पाना पिशवीत टाकला. "खरं तर माझंच चुकलं, भाऊजी. सगळं माहीत असून मी तुम्हाला लोकांसमोर बाहेर चला म्हणालो. रागात बोलून गेलो. माफी मागायला दोनदा आलो होतो, तुमच्या फाटकापर्यंत. आत यायचं धाडस झालं नाही."

सहा मजले जुळवत आणलेल्या वाक्यात माफीचा शब्द होता. तो डॉक्टरांचा होता, आणि तो मेहुण्याने आधीच वापरून टाकला होता. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. डोळ्यांतलं पाणी लपवण्याइतकं भान त्यांना राहिलं नव्हतं, आणि मेहुण्याने मान दुसरीकडे वळवून तेही सांभाळून घेतलं.

"उद्या दहा वाजता, चहाच्या वेळी सगळ्यांना सांगणार आहे," डॉक्टर म्हणाले. "जिथे बोललो होतो तिथेच."

"जोडाचं सांगा. तेवढं पुरे. बोट लागण्याचं कशाला सांगताय? इतकी वर्षं झाकलंय आपण."

आपण, असं तो म्हणाला.

"तेच आधी सांगायचंय," डॉक्टर म्हणाले. "धक्क्यावरच्या एकवीस मालकांकडे माझ्या सहीचा कागद आहे."

मेहुण्याने पायरीवरची पिशवी बाजूला सारली आणि तो त्यांच्या शेजारी बसला. "एकवीस?"

"एकवीस. उद्यापासून एकेक बाहेर काढून तपासायची."

"कोण तपासणार?"

"मी."

"भाऊजी, तुम्ही मराल."

"नाही मरत. आज बघितलं. लाज वाटते फक्त."